माझ्याकडे उघडतंय

काकीचा फोन आला तेव्हा गौरेश पर्वरीच्या ऑफिसात स्वतःच्याच कामाचं कौतुक करत बसला होता. चारचौघांत करता येत नाही असं कौतुक माणूस एकटा असताना गुपचूप करून घेतो, तसं. समोरच्या पडद्यावर एक रेघ होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती माडासारखी उंच गेलेली, आणि तिथून एकदम खाली येऊन शेताच्या बांधासारखी आडवी पसरलेली. वेबसाइटचं पान पहिल्यांदा उघडताना माणसाला किती ताटकळावं लागतं, त्याची ती रेघ. कित्येक महिने तिनं त्याचं डोकं खाल्लं होतं, आणि आज दुपारी त्यानं नवी आवृत्ती चढवल्याबरोबर ती शहाण्या मुलीसारखी खाली बसली होती. अशा सुखात फोन वाजला की माणूस थोडा चिडूनच उचलतो. सुमंगलाकाकी होती, लाटंबार्सेहून. "गौरेश रे, तुजां तां पान उघडणा नाय. नुसतां धवां दिसता. मदी एक चाक फिरता, फिरता आनी रवता." धवं म्हणजे पांढरं; काकीच्या घरात पांढऱ्याला पांढरं कुणी म्हणत नाही. त्यानं फोन कानाशी ठेवून मोकळ्या हातानं कॉम्प्युटरवर पान उघडलं. पापणी लवायच्या आत ते आलं. वर ते करून घेणाऱ्या संस्थेचं नाव, खाली आरोग्य केंद्रांची नावं, नावांपुढे हिरवे-तांबडे ठिपके, अक्षरं ठसठशीत, एकही चित्र तुटलेलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. "काकी, माज्याकडे उघडता गे," तो म्हणाला. "तुज्याकडे रेंज नसतली. बंद कर आनी परत उघड." "परत?" तिनं विचारलं. "हां, परत." "बरां," काकी म्हणाली आणि फोन बंद झाला.

माझ्याकडे उघडतंय. ह्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं वाक्य. पोट दुखतंय म्हणून गेलेल्या रोग्याला डॉक्टरनं 'मला तर दुखत नाही' असं सांगावं, त्यातलाच प्रकार. पण धंद्यात पडलेल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. गौरेशनं हे वाक्य आजवर इतक्या जणांना ऐकवलं होतं की ते तोंडातून बाहेर पडलं तरी त्याच्या कानापर्यंत पोचत नसे. काकीचा फोन ठेवून तो पुन्हा रेघेकडे वळला. मग खालच्या हॉटेलातून पातळभाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, आले. उंड्याचा तुकडा मोडून भाजीत बुडवताना त्याला कुठेतरी खुपल्यासारखं झालं. चपलेत वाळूचा कण शिरावा आणि चालून गेल्यावर कळावं, तेवढंच. काकी भरदुपारी ते पान कशाला उघडत होती? तिनं सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं. ते पान करमणुकीचं नव्हतं. डिचोली तालुक्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन ह्या घडीला कोणत्या केंद्रात शिल्लक आहे आणि तिथं डॉक्टर बसलाय की नाही, एवढंच ते पान सांगायचं. हौसेनं उघडून बघावं असं त्यात काही नव्हतं. तुकडा भाजीतच भिजून विरघळला. तो फोन लावणार तोच फोन आला, पण काकीचा नाही. काकांच्या काजूच्या बागेत राखणीला असलेल्या मारुतीचा. मारुती चंदगडकडचा, फोनवर नेहमी ओरडून बोलणारा. आज हळू बोलत होता. "गौरेशदादा, काकास्नी जनावर लागलंय. बोंडं गोळा करताना. वरच्या केंद्रात आणलं तर हितं औषध संपलंय म्हणत्यात. आता मोठ्या हॉस्पिटलात घिऊन निघालोय. तुम्ही तिकडंच या."

बाबलीकाका म्हणजे गौरेशच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील दुखण्यानं खचले तेव्हापासून ह्या पोराचं शिक्षण, कपडे, डिचोलीच्या कॉम्प्युटर क्लासला स्कूटरवरून नेणं-आणणं, सगळं त्यानंच केलेलं. काका-काकींना मूल नव्हतं, असं लोक म्हणायचे, काकी म्हणायची, "आसा मरे, गौरेश." काका मितभाषी नव्हता, उलट बडबड्या. टोकाला खिळा मारलेली काठी घेऊन तो बागेत फिरे आणि खाली पडलेलं प्रत्येक बोंड टोचून टोपलीत टाकताना त्या झाडाला काहीबाही सुनावत असे. कुणाला आळशी म्हणे, कुणाला माजलेलं. लहान गौरेशला वाटायचं की झाडं ऐकतात. हॉस्पिटलच्या लांबलचक ओसरीत बाकावर बसून, काचेच्या दारापलीकडे काकाच्या तोंडात नळी घातलेली बघताना, त्याला तीच बडबड आठवत होती. काकाला शुद्ध होती, असं डॉक्टर म्हणाले. ऐकू येत असेल, पण पापण्या उचलत नव्हत्या. ह्या विषानं आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वास. म्हणून श्वासाला यंत्र लावलंय. औषध दिलंय, उशिरा दिलंय, आता शरीर काय म्हणतंय ते बघायचं. म्हणजे वाट बघायची. डॉक्टर तरुण होता, त्यानं हे सगळं नीट आणि मऊपणानं सांगितलं, आणि गौरेशला त्याचा राग आला, कारण वाट बघण्याबद्दल त्याला कुणी काही शिकवावं अशी त्याची स्थिती नव्हती. वाट बघणं हाच त्याचा धंदा होता. माणूस किती वेळ वाट बघतो, कुठल्या क्षणी कंटाळतो, कुठल्या क्षणी अंगठा मागे फिरवून निघून जातो, ह्याचा त्यानं इतका अभ्यास केला होता की त्याला त्यावर व्याख्यान देता आलं असतं. एकदा दिलंही होतं, पणजीला, टाय लावून.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. उजाडलं तेव्हा काकी शेजारच्या बाकावर तशीच ताठ बसलेली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मारुती खाली चहा आणायला गेला होता. पिशवीच्या तोंडातून काकीचा फोन डोकावत होता, त्याच्या पाठीवर गेल्या चतुर्थीत गौरेशनंच चिकटवलेला गणपतीचा स्टिकर. तो स्टिकर दिसल्याबरोबर गौरेशला तो दिवस आठवला. चतुर्थीला घरात पंचवीस-तीस माणसं; वर माटोळी बांधलेली, तिच्यातल्या काकड्या आणि सुपाऱ्यांच्या घोसांखाली सगळे नेवऱ्या खात बसलेले. गौरेशनं सगळ्यांचे फोन गोळा केले होते. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आतां हो आमचे फोन देवाक दाखयतलो." त्यानं एकेका फोनवर ते पान उघडलं, आपल्या फोनचं चांगलं इंटरनेट देऊन. काकी हात पुसत शेजारी येऊन बसली होती. कशाला हे, तिनं विचारलं. त्यानं तिला समजावलं होतं, आणि ते समजावणं त्याला स्वतःला फार आवडलं होतं: पान पहिल्यांदा उघडताना फोनला सगळं सामान बाहेरून आणावं लागतं. अक्षरांची वळणं, चित्रं, नकाशा, आतली यंत्रणा. त्याला वेळ लागतो. दुसऱ्यांदा ते सगळं घरातच असतं, फक्त ताजी खबर तेवढी आणायची. म्हणून पहिली खेप आजच करून टाकू या, सगळे धडधाकट असताना. "म्हणजे आतां तां आत रवतलां?" काकीनं विचारलं होतं. "रवतलां," तो म्हणाला होता. काकीनं फोन हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, वजन वाढलंय का बघावं तसा, आणि पदराच्या गाठीजवळ नेऊन ठेवला.

रवतलां म्हणालो मी तिला, गौरेशला वाटलं. राहणार म्हणालो. आणि काल दुपारी मीच ते बाहेर काढलं. हा विचार रात्रभर त्याच्याभोवती घुमत होता, आणि सकाळी तो अधिकच स्वच्छ झाला. नवी आवृत्ती चढवली की जुनं सामान टाकून द्यायचं, असा नियम त्यानंच लिहिला होता. तोही विचार करून. जुनं पान दाखवलं आणि त्यातली खबर शिळी असली तर माणूस भलत्याच केंद्रात जाईल. त्यापेक्षा काहीच न दाखवलेलं बरं. मीटिंगमध्ये हे त्यानं असं ठासून मांडलं होतं की त्याचे वरिष्ठ प्रमोदसर, त्यांनीही मान डोलावली होती. तेव्हा काल दुपारी, जेवणाची सुट्टी संपताना, त्यानं बटन दाबलं आणि तालुक्यातल्या एकूण एक फोनमधलं सामान फेकलं गेलं. प्रत्येक फोन पुन्हा कोरा झाला. चतुर्थीची सगळी मेहनत, माटोळीखालची, वाहून गेली. नवं सामान जुन्यापेक्षा कितीतरी हलकं होतं, हे खरं. पण ते हलकं सामानसुद्धा काकीच्या अंगणातल्या अर्धवट रेंजमधून यायचं होतं. पहिली खेप जलद व्हावी म्हणून केलेल्या कामानं सगळ्यांची पुन्हा पहिली खेप करून ठेवली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. त्यातून त्यानं काकीला सांगितलं, बंद कर आणि परत उघड. अर्धं आलेलं सामान तिनं त्याच्या शब्दाखातर टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. 'परत?' असं विचारलं होतं तिनं. तिला आतून कळलं असणार. अडाणी माणसाला वाट बघण्यातलं जे कळतं ते शिकलेल्याला कळत नाही, असं काही त्याला म्हणायचं नव्हतं. काकीला त्यातलं काहीही कळत नव्हतं, तिनं फक्त विश्वास ठेवला, आणि हेच त्याला सोसत नव्हतं.

ह्या पानाची गोम काय आहे ते गौरेशला सुरुवातीलाच कळलं होतं, आणि ती दुसऱ्या कुणाला पटवता आली नाही. दुकानाचं पान असतं, बातम्यांचं असतं, तिथं माणूस पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या खेपेला थोडा खोळंबा झाला तरी पुढे निभतं. ह्या पानाला दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईकच नाही. जो येणार तो पहिल्यांदाच येणार, बागेतून नाहीतर शेतातून, थरथरत्या अंगठ्यानं, आणि पुन्हा यायची वेळ त्याच्यावर न येवो. ऑफिसातले सगळे दिवसातून दहादा उघडून बघायचे, त्यांच्याकडे सामान घरातच. त्यामुळे सरासरी अशी झकास दिसायची की बघत राहावं. दिव्याखाली अंधार. त्यानं सांगून पाहिलं, आधी नुसती अक्षरं दाखवू या, साधी यादी, काळ्यावर पांढरं नाही तर पांढऱ्यावर काळं, बाकीचं मागाहून येऊ दे. प्रमोदसर वाईट माणूस नव्हते. बेळगावचे, आवाजात सतत समजूत काढण्याचा सूर. ते म्हणाले, "गौरेश, तुझं शंभर टक्के बरोबर आहे. पण संस्थेच्या लोकांना ते फुकटात केल्यासारखं वाटेल." संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडून स्वागत करणारा व्हिडिओ पानाच्या माथ्यावर होता. तो काढा म्हणून गौरेशनं तीनदा लिहिलं. तीनदा उत्तर आलं की तो काढता येणार नाही, मात्र लहान करता येईल. मग त्यानं व्हिडिओ लहान केला, नकाशा काढला, अक्षरांची वळणं निम्मी केली, यंत्रणेचे तुकडे केले आणि लागतील तेवढेच आधी पाठवायची सोय केली. प्रत्येक तुकड्यासाठी तो झगडला. आपल्याला कुणाचा तरी जीव वाचवायचाय, असं त्याला ह्या दिवसांत खरोखरच वाटायचं, आणि ते वाटणं त्याला लाज आणायचं, आणि तरी वाटायचं. काल दुपारची ती रेघ ह्या सगळ्याची होती. रेघ खरी होती. आत्ता ह्या घडीला सुद्धा कुठल्यातरी पडद्यावर ती आडवी पसरलेली असणार, समाधानानं.

खिशातला फोन थरथरला. प्रमोदसर. गौरेश उठून जनेलापाशी, खिडकीपाशी, गेला. खाली आंब्याच्या सावलीत लोक उंडे आणि चहाचे थर्मास घेऊन बसले होते, जत्रेला आल्यासारखे, फक्त आवाज नव्हता. "कसे आहेत काका?" सरांनी विचारलं. आहेत, गौरेश म्हणाला. सर म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. मी सगळं तपासलंय. आपली माहिती बरोबर होती. वरच्या केंद्रापुढे काल सकाळपासूनच तांबडा ठिपका होता, खालच्यापुढे हिरवा. म्हणजे पान चुकलेलं नाही. उघडायला वेळ लागला, ते रेंजचं. आपल्यावर काही येत नाही." गौरेशनं हुंकार दिला. आपल्यावर काही येत नाही, हे शब्द चांगल्या मनानं उच्चारलेले होते. त्याला फक्त एवढंच जाणवलं की पान बरोबर होतं आणि पोचलं नाही, आणि ह्यापरतं वाईट दुसरं काही असू शकत नाही. पान चुकीचं असतं तर त्याला रडता आलं असतं. "रेघ मात्र सुरेख आलीय," सर म्हणाले, आणि लगेच, आपण हे बोलायला नको होतं हे कळून, "बरं, ठेवतो." गौरेश जनेलाच्या गजाला धरून उभा राहिला. गज थंड होता. लहानपणी बाबा आजारी पडले तेव्हाही त्यानं असाच काहीतरी थंड खांब धरून ठेवला होता, देवळातला.

तेव्हा बाबांना कुठं न्यायचं ह्यावरून घरात दोन तट पडले होते. मग प्रसाद लावायचं ठरलं. भटजींनी देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवल्या, उजव्या बाजूला आणि डाव्या, आणि गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची कळी सुटली, म्हणजे उजवा प्रसाद मिळाला, तर एक उत्तर, डावीकडची सुटली तर दुसरं. सगळे हात जोडून बघत राहिले. गौरेशला आठवत होतं की कुणीही डोळे मिटले नव्हते. देवाकडे इतक्या टक लावून लोक एरवी बघत नाहीत. कळ्या जागच्या हलेनात. समईची वात वाकली, भटजींनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, कुणी खोकलं, कुणाचं मूल रडलं, आणि त्या काळ्या पाषाणावर कळ्या तशाच चिकटून. पोरवयाच्या गौरेशला त्या वेळी वाटलं होतं की देव झोपलाय, कुणीतरी त्याला हलवायला हवं. आणि मग बाबलीकाका एकदम उठला. "देवाक विचारून जालां," तो मोठ्यानं म्हणाला. "तेका वेळ लागता. आमकां वेळ नाय. चला." आजी तोंडावर हात ठेवून बसली. काकानं बाबांना पाठुंगळी मारलं, गाडीत घातलं आणि जिथं न्यावंसं त्याला वाटलं तिथं नेलं. त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले. खंगलेले, पण जगले. काका कशाचीच वाट बघत नसे, बोंडं पिकायची सुद्धा नाही. झाडांना रागावत असे. काल त्याच्या पायाला फडकं बांधून त्याला अंगणात बसवला होता आणि आजूबाजूचे सगळे एका फोनकडे बघत उभे होते, टक लावून, कुणीही डोळे न मिटता. त्यानं किती शिव्या घातल्या असतील. का तेव्हाच जीभ जड झाली होती त्याची? हे विचारायचं धाडस गौरेशला झालं नव्हतं.

मारुती चहा आणि उंड्यांची पुडी घेऊन आला, पुडी काकीच्या हातात दिली आणि काचेच्या दारापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. गौरेश काकीशेजारी येऊन बसला. काकीनं उंडा मोडला आणि मोठा अर्धा त्याच्यापुढे धरला, लहानपणापासून धरायची तसा. खा, म्हणाली. त्यानं घेतला. आपण तिला सगळं सांगून टाकावं असं त्याला वाटलं: नवी आवृत्ती, फेकलेलं सामान, बंद कर म्हटलं ती चूक. पण सांगायचं कुठल्या भाषेत, आणि तिनं त्याचं काय करायचं? माफ करायचं? माफी मागणंही एक ओझंच, आणि काकीच्या मांडीवर आधीच पिशवी होती. तो असा घुटमळत असताना काकीनंच बोलायला सुरुवात केली, समोरच्या भिंतीकडे बघत, शेजारणीला घडलेलं सांगावं अशा बेतानं. "तू परत उघड म्हटलंस, तसां मी परत उघडलंय. परत धवां. मारुती म्हणता, काकी, खंय व्हरू, सांग. वयर व्हरू काय सकल? दोनूय सारकीच लांब. हे तर बोलाक नाय, नुसते हातान खुणयत रवले, चला, चला म्हणान. मी म्हटलां, देवाक विचारूक आतां वेळ नाय. आमच्या खळ्यातसून भायर पडलां की उजवी वाट वयर जाता मां? मगे मी म्हटलां, उजवी ती बरी. उजवीक घे." उंड्याचा तुकडा तिच्या बोटांत तसाच होता. "देवान उजवो दिलो आसतो तर बरोच जाता. ह्यो माज्या मनान घेतललो. म्हणान जालां काय रे तशां?"

"ना गे काकी," गौरेश म्हणाला. "तुजो दोष नाय." हे त्याच्या तोंडून चटकन आलं, आणि आलं म्हणून त्याला जरा हलकं वाटलं, निदान एवढं तरी त्याला देता येत होतं. "पान उघडलां नाय, तो दोष." काकीनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, पण पुतण्याचं मन मोडू नये म्हणून हलवली. ती दोन घास हळूहळू चावत राहिली. आतून यंत्राचा आवाज येत होता, एका लयीत, घरात कुणीतरी उसासे टाकत बसलंय असा. मग काकीच्या कपाळाला आठी पडली. रागाची नव्हे. डाळीत मीठ घातलं की नाही हे आठवताना तिच्या कपाळावर जशी पडायची तशीच. ती त्याच्याकडे वळली.

"गौरेश," ती म्हणाली, "तू तेन्ना फोनार म्हटलंस मां, तुज्याकडे उघडता म्हणान?"

"हां."

"मगे त्यात काय लिवलेलां?"

प्रश्नात काही नव्हतं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, राहून गेलेली गोष्ट कुणाला तरी विचारावी तसं. गौरेशनं तोंड उघडलं. अक्षरं ठसठशीत आली होती, हे त्याला आठवलं. चित्र एकही तुटलं नव्हतं. ठिपके आपापल्या जागी आले होते, हिरवे आणि तांबडे, हेही त्यानं बघितलं होतं, कारण नव्या आवृत्तीत ते कधीकधी सरकायचे. पान किती झटकन आलं तेही आठवलं. कोणत्या नावापुढे कोणता ठिपका, हे त्यानं वाचलं नव्हतं. पान त्याच्या नाकासमोर होतं, उघडं, आख्खं, काकी कानाशी होती, फोन चालू होता, आवाज स्वच्छ येत होता. त्याला फक्त एक ओळ वाचून दाखवायची होती. सकल जा काकी, खालच्या केंद्रात, एवढीच. तो रात्रभर ज्या सामानाचा, ज्या रेंजचा, ज्या रेघेचा हिशेब मांडत होता, त्यातलं काहीही लागणार नव्हतं. काकीच्या हाताशी त्या क्षणी पान उघडलेला एकच माणूस होता, आणि ते उघडतंय एवढंच बघून त्याचं काम झालं होतं.

काचेपलीकडे काका पापण्या मिटून पडलेला होता आणि त्याला ऐकू येत असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. समोरून काही येत नाहीसं दिसलं की माणूस किती वेळ थांबतो, आणि मग कसा निघून जातो, हे गौरेशला पाठ होतं. ती घटका कधीच उलटून गेली. काकी त्याच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली होती.